मधली ओळ

४ जून
नव्या नोकरीचा पहिला दिवस, आणि मी जाम खूश आहे. छापखाना औषधांच्या खोक्यांचा आणि आत घडी घालून ठेवतात त्या माहितीपत्रकांचा. मुद्रितशोधकांच्या खोलीत खिडकीखाली लांब टेबल, वर दोन दिवे. आमचे मुख्य शब्दन्‌शब्द तोलून घेतात, म्हणून सगळे त्यांना सोनारकाका म्हणतात. त्यांची तऱ्हा अशी: पत्रक एकदा सरळ वाचायचं, मग शेवटच्या शब्दापासून पहिल्यापर्यंत उलटं, मोठ्याने. समोरच्याने मूळ प्रत धरून ताडायचं. अर्थ लागला की डोळे डुलक्या काढतात, असं त्यांचं म्हणणं. मला हा द्राविडी प्राणायाम वाटला, पण पहिल्याच दिवशी शहाणपण पाजळलं नाही. राहायला ताईकडेच आले आहे. तिचे मोतीबिंदू अजून पिकायचेत. म्हणाली, घरात एक तरी धड डोळ्यांचं माणूस आलं.

११ जून
सरळ वाचनात माझा हात कोणी धरणार नाही. उलट्यात मात्र आज अडकले. काका म्हणाले, एक शब्द गाळलात. पाहिलं तर तो जागच्या जागी, चांगला ठळक. मघाशी कुठे गेला होता? लक्ष नसेल. नव्या जागी झोप नीट लागत नाही, दुसरं काय.

१९ जून
आज पुन्हा, आणि बरेच. सगळे डाव्या बाजूचे. काका ओरडतील म्हणून मान खाली घालून बसले, तर ते हळूच म्हणाले, डोळे दाखवून या.

२३ जून
काचबिंदू. डोळ्यातला दाब नसेला मारत जातो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गेलेली नजर येत नाही, थेंब घालून उरलेली राखायची. मी विचारलं, मग मला काळा डाग का दिसत नाही? म्हणाल्या, तो दिसतच नाही. मेंदू आजूबाजूचं ओढून ती जागा भरतो. त्यात तुम्हाला वाचनाची सवय, ओळीत पुढे काय येणार ते आधीच ठाऊक. म्हणजे इतके दिवस मी सरळ वाचलं त्यातलं छापलेलं किती आणि माझं किती?

२६ जून
काकांना सांगितलं. त्यांनी नजर चुकवत माझ्यापुढचे कागद उचलले. नोकरी आहे, पण खोकी रचायची. ताईला सांगायचा धीर होत नाही. वाचता येणं हीच माझी सगळी ऐट होती. थेंब घालताना अर्धे गालावर जातात.

३० जून
पाट्या, वर्तमानपत्र, सगळं घडाघडा वाचता येतं. तेच भयंकर. अडखळले असते तर कळलं तरी असतं. एखाद्या जागेवर लक्ष रोखलं की बाकीची ओळ निसटते — ओळ धरली की ती जागा —

२ जुलै, दुपार
ताईच्या नव्या गोळ्या आल्या. खोकं हातात देऊन म्हणाली, वाच गं, किती घ्यायच्या ते. मला जमणार नाही, एवढंच म्हणायचं होतं. वाचलं. जेवणानंतर दोन. तिने माझ्यादेखत दोन घेतल्या. तू आहेस म्हणून बरं, म्हणाली, आणि आडवी झाली.

थोड्या वेळाने
मान तिरकी केली की खोक्यावरच्या दोन ओळींमध्ये एक ओळ उगवते. सरळ पाहिलं की जाते. मोकळी जागासुद्धा उरत नाही, वरची नि खालची जुळून येतात —

शेजारच्या घराला कुलूप. दवाखान्यात फोन कोणी उचलत नाही.

ताईला हाक मारली. नुसतं हूं म्हणाली.

जो शब्द हाती लागेल तो इथे लिहिते आहे. मनावर भरवसा नाही, ते भरून टाकेल —

ताई आता हूं पण —

अर्धी.

गोळी अर्धी.

अर्धीहून जास्त घेतल्यास ताबडतोब —