अडणारी माणसं पाहिजेत

ती. मावशीस,
साष्टांग नमस्कार.

मागच्या फोनच्या वेळी तुझा गुडघा कुरकुरत होता, तो आता गप्प बसला असेल अशी आशा करतो. काकांचा रक्तदाब आणि काकांचा आवाज हे दोन्ही खाली आले असतील तर उत्तमच. एकच आलं असेल तर कुठलं ते कळव. इकडे सगळे ठीक आहेत. मी तर इतका ठीक आहे की काल दुपारी जेवून चक्क झोपलो, आणि बायको दोनदा येऊन माझ्या कपाळाला हात लावून गेली (एरवी ती स्वतःच्या लावते).

तुला ठाऊकच आहे की नोकरी सांभाळून मी आणि माझ्यासारखे काही रिकामटेकडे (हा शब्द बायकोचा) एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर बनवतो. म्हणजे कुणीही ते फुकट घ्यावं, उघडून आतलं बघावं, बिघडलं तर दुरुस्त करून सगळ्यांना परत द्यावं. यात तुला मिळतं काय, असं तू मागे विचारलं होतंस तेव्हा मी विषय बदलला होता, आताही बदलतो. हे सॉफ्टवेअर आजाऱ्यांना लागणाऱ्या वस्तू उसन्या देणाऱ्या केंद्रांसाठी आहे: चाकाची खुर्ची, कुबड्या, पाठ वर उचलणारी खाट. कुठली वस्तू कुणाकडे गेली, परत कधी येणार, सगळं त्यात दिसतं. आमच्या गल्लीच्या टोकाला, दवाखान्याच्या मागच्या खोलीत असं एक केंद्र आहे. तिथल्या बाई पूर्वी नर्स होत्या (आवाजावरून अजूनही आहेत). त्यांनी मला बोलावून घेतलं आणि उभ्याउभ्या झाडलं. एकच खाट दोघांना कबूल झाली होती आणि दोन्ही घरची माणसं टेम्पो घेऊन दारात भांडत होती. सॉफ्टवेअर ठणठणीत होतं, पण ते वापरायचं कसं हे कुणी लिहिलंच नव्हतं. आमची माहितीपुस्तिका होती एका ओळीची: नेहमीप्रमाणे सुरू करा. बाई म्हणाल्या, महिनाअखेरपर्यंत माणसाला कळेल असं लिहून आणा, नाहीतर आम्ही आपले फळ्यावर खडूने लिहू. त्या फळ्याकडे वळल्या असत्या तर त्यांचं बघून बाकीची केंद्रंही वळली असती, आणि माझ्या इतक्या वर्षांच्या रविवारांवर पाणी पडलं असतं. मला जेवण जाईना, मावशी. खरंच जाईना.

मग मी आवाहन केलं की माहिती लिहायला स्वयंसेवक हवेत. प्रोग्रॅमर मंडळींना नवं काही बनवा म्हण, चप्पल न घालता धावत येतील. बनवलेलं जरा समजावून सांगा म्हटलं की प्रत्येकाच्या घरी पाहुणे. तरी कॉफी-बिस्किटांची लालूच दाखवल्यावर पाच-सहा जण आमच्या बैठकीच्या खोलीत जमले. त्यातला हुशार म्हणजे दाढीवाला (दाढी आता नाही, पण नाव राहिलं). चला लिहा, असं मी म्हटल्याबरोबर त्याने विचारलं, कशात लिहायचं? झालं! बिस्किटं संपेपर्यंत वाद. शेवटी असं ठरलं की माहितीपुस्तिका लिहिण्याजोगं चांगलं सॉफ्टवेअर जगात नाहीच, आणि पुढचे दोन रविवार खपून मंडळींनी ते बनवलं. देखणं झालं, खोटं कशाला बोलू. फक्त ते वापरायचं कसं हे दाढीवाल्याशिवाय कुणाला कळेना, म्हणून त्याची माहितीपुस्तिका लिहायला स्वयंसेवक हवेत असं आवाहन त्याने केलं. मी बिस्किटांचा डबा उचलून आत नेऊन ठेवला.

बायको मोटार चालवायला शिकवते हे तू जाणतेसच. ती म्हणाली, ज्याला गाडी येते तो क्लच कधी दाबतो हे सांगूच शकत नाही, त्याचा पायच दाबतो. ज्याचं अडतंय त्याला खुर्चीत बसवा, तुम्ही बाजूला बसून लिहा, आणि तोंडातून ब्र काढू नका. (हे शेवटचं ती मला नेहमीच सांगते, पण या वेळी कारण होतं.)

तर आम्ही सगळे केंद्रात गेलो. बसायला दुसरं काही नव्हतं म्हणून स्वयंसेवक चाकाच्या खुर्च्यांवर ओळीने बसले. बाईंनी खाट दिल्याची नोंद केली, नाव लिहिलं, पत्ता लिहिला, आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. नोंद पक्की करायचं बटण त्यांच्या नाकासमोर होतं, चांगलं मोठं, लाल. दाढीवाला तोंड दाबून इतका वळवळला की त्याची खुर्ची मागे घरंगळली आणि सगळ्या कुबड्या खाली आल्या. तेव्हा बाई म्हणाल्या, लाल बटण मी दाबणार नाही. उभा जन्म दवाखान्यात गेला माझा. लाल बटण दाबलं की लोक धावत येतात, ते उगाच दाबायचं नसतं. म्हणजे आजवर एकही नोंद पक्की झालेली नव्हती! लाल रंग दाढीवाल्याने निवडला होता, छान दिसतो म्हणून. त्याने जमिनीवरच्या कुबड्यांमध्ये बसून लिहिलं: लाल बटण दाबा. काही होत नाही. कुणी धावत येणार नाही. आमच्या प्रकल्पातलं हे पहिलं कळणारं वाक्य. रंग बदलू का, असंही त्याने विचारलं, तर बाई म्हणाल्या, आता नको, आता मला कळलंय.

असं अडत-अडत पुस्तिका झाली. महिना संपायच्या आत, त्याच सकाळी कामाला लागलेल्या एका नव्या बाईंनी ती उघडून एकटीने खाट दिली. खाट एकाच घरी गेली. मला इतकं हायसं वाटलं की मी शेजारच्या खाटेवर आडवा झालो आणि माझी पाठ आपोआप वर आली. त्याच दिवसापासून मी जेवतोय. तुझ्या आशीर्वादाने सगळं पार पडलं. काकांना नमस्कार.

तुझा,
भाचा

ता.क. बाकीच्या केंद्रांनाही पुस्तिका हवी आहे, पण पुढची प्रकरणं अजून लिहायचीत, आणि बाईंना आता सगळं यायला लागलंय, त्यामुळे त्यांचा काही उपयोग उरला नाही. नव्या बाईही फुकट गेल्या, पुस्तिका वाचून शिकल्या. अडणारं, आणि अडल्यावर मोठ्याने बोलणारं माणूस पाहिजे. बायको म्हणाली, तुमच्या मावशीला बोलवा. मी तिला म्हटलं, असं बोलू नये. मग तिकीट बघितलं. आठवडाभर ये.

आणखी ता.क. काकांना आणू नकोस. त्यांना येत नसलं तरी ते येतं म्हणतात, आणि तसली माणसं आमच्याकडे पुष्कळ आहेत.

अगदी शेवटचं. तुझी नात तुला कॉम्प्युटर शिकवणार आहे असं कानावर आलं. मावशी, तुझ्या पाया पडतो, काही शिकून येऊ नकोस.