पंप अडला तो कौतुकामुळे

चि. भाऊस,

ताईचे पोटभर आशीर्वाद. तुझी, वहिनीची आणि मुलींची प्रकृती चांगली असेल असं धरूनच लिहिते. नसेल तर हे पत्र वाचून ती सुधारण्यातली नाही. माझा गुडघा बरा आहे. (डावा. उजव्याचं विचारू नकोस.)

तुझ्या व्हिनेगरच्या कारखान्यासाठीचा पंप अजून इथून हललेला नाही. पिंपं भरून उभी आहेत आणि महिनाअखेर पंप बसला नाही तर सगळा माल ओतून द्यावा लागेल, हे तुझ्या चारही पत्रांतून कळलं. त्यात तू यांना जे जे लिहिलंस (दाजी म्हणून जरा सौम्य केलंस, तेही कळलं) ते यांच्या वाट्याचं नव्हे. यांनी पंप ठरल्या तारखेच्या दोन दिवस आधीच तयार ठेवला होता. दोष माझा. देवापुढे दिवा लावूनच लिहायला बसले आहे, म्हणजे काही झाकायचा मोह नको.

आंबट-जहाल काही वाहिलं तरी झिजायचं नाही आणि थेंबभर गळायचं नाही, असा हा पंप. यांना त्याचा केवढा अभिमान! पण सरकारचं म्हणणं, जो पंप व्हिनेगर गळू देत नाही तो विषारी वायूची रसायनंही गळू देत नाही, आणि तसली शस्त्रं करणाऱ्यांना नेमका असाच पंप हवा असतो. म्हणून तुझ्याकडे परदेशी धाडायला परवाना, आणि परवान्याला पाच पानी अर्ज. यांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. यांच्या कारखान्याच्या वह्या इतकी वर्षं मीच लिहिते, तेव्हा मॅट्रिकच्या जोरावर अर्जही मीच भरला.

एका प्रश्नापुढे पाच ओळी कोऱ्या होत्या. माल घेणारा तो पुढे आणखी कोणाला देण्याची शक्यता आहे काय? तिथे नुसतं 'नाही' लिहायचं असतं म्हणे. पण पाच ओळींच्या जागेत एक शब्द लिहून कागद वाया घालवणं माझ्या हातून होत नाही. (आलेली पाकिटं उलटून वापरणारी मी!) शिवाय वाटलं, एवढी जागा दिली आहे ती माणसाचा स्वभाव कळावा म्हणूनच. मी लिहिलं, माझा भाऊ मनाचा राजा आहे, मागणाऱ्याला नाही म्हणणं त्याला ठाऊक नाही, अंगावरचा सदराही काढून देईल.

आठव्या दिवशी परवान्याच्या कचेरीतून आम्हा दोघांना बोलावणं आलं. साहेब तरुण, चष्मेवाले. समोर माझाच अर्ज, आणि त्या ओळींखाली लाल रेघ.

"बाई, हे गृहस्थ कोणालाही काहीही देतात?"

"लहानपणापासून! नवी छत्री कोणाला तरी देऊन भिजत घरी यायचा."

"आणि अनोळखी माणसानं मागितलं तर?"

"त्याला अनोळखी कोणी नाहीच हो, साहेब."

मला वाटलं, साहेब तुझं कौतुक उतरवून घेताहेत. बाहेर आल्यावर हे म्हणाले, "छान. आता त्याला सदराच पाठव."

तेव्हापासून पंप खोक्यात पडून आहे. हे येता-जाता त्यावरची धूळ पुसतात. चुकले रे मी.

तुझी,
ताई

ता. क. 'पंप मी कोणालाही देणार नाही' असं तुझ्या सहीचं पत्र साहेबांना हवं आहे. लगेच धाड. एकच ओळ लिही, स्वभावाचं काही नको.

ता. क. आणखी एक. परवा मी एकटीच पुन्हा कचेरीत गेले होते. साहेब म्हणाले, "सही येईल हो, पण हा माणूस 'नाही' म्हणू शकतो याला आधार काय? एखादा तरी प्रसंग सांगा." खूप आठवलं. मग सांगितलं, की आई गेल्यावर तिची जपमाळ मी मागितली होती आणि तू दिली नाहीस. दोनदा मागितली होती. साहेबांनी आधी माझ्यासाठी पाणी मागवलं, मग लिहून घेतलं. तुझं पत्र आलं की पंप सुटेल म्हणाले. नऊ वर्षं मी हे यांनासुद्धा बोलले नव्हते, आणि बोलले ते कचेरीत, याचं फार वाईट वाटतं. तेव्हा हे वाचून माळ पाठवायचं मनात आलंच, तर आवर. निदान पंप तुझ्या हाती पडेपर्यंत. तू देत नाहीस असं मी सही करून दिलं आहे.