तिसऱ्या चराची पातळी

अप्पा,

मागच्या वेळी तुम्हाला लिहिलं, त्यात एक गोष्ट चुकीची होती. किनवटजवळच्या बंद पडलेल्या खदानीवर आमच्या कामातला तिसरा चर पावसानं फुटला, असं मी लिहिलं होतं. पाऊस झाला, हे खरं. पण वरचे दोन चर त्याच पावसात टिकले. तिसरा फुटला, कारण त्याची पातळी मी चुकीची घेतली होती. कार्यालयाच्या अहवालातही मी ‘अतिवृष्टी’ असं लिहिलं आणि खाली सही केली.

तुम्ही होता तेव्हा मी या कामात नव्हते, म्हणून नीट सांगते. गिट्टी काढून काढून डोंगराला पडलेला खड्डा भरून त्यावर माती पसरली आहे. नवी माती उतारावर ठरत नाही. म्हणून आडवे चर खणायचे, पाणी त्यात अडवायचं, गाळ खाली बसू द्यायचा आणि नितळलेलं पाणी दगडी सांडव्यानं ओढ्याला सोडायचं. चराचं एक टोक जरी खाली गेलं, तरी सगळं पाणी तिकडं धावतं आणि काठ फोडतं. तसंच झालं. चिखल आणि मुरूम खालच्या शेतात, मावशींच्या उभ्या तुरीत जाऊन बसला. सगळे त्यांना मावशी म्हणतात; त्या आमच्याच कामावर मजुरीला आहेत. पातळी घेताना पाण्याच्या नळीचं दुसरं टोक त्यांच्याच हातात होतं.

ही नळी मला तुम्हीच शिकवली. शाळेत नाव घालायच्याही आधी, उदगीरच्या घरात स्वयंपाकाचा ओटा घालताना, पाण्यानं भरलेल्या नळीचं एक टोक तुम्ही माझ्या हातात दिलं होतं. पाणी अजून डुलत होतं तरी मी “बरोबर!” म्हणून ओरडले. तुम्ही खूण केली, फरशी बसवली, आणि तिच्यावर ठेवलेलं लिंबू गडगडत शेगडीकडं गेलं. अजून दिसतं मला. तुम्ही रागावत नाही. “पाण्याला घाई न्हाई, तुला कशाची हाय?” एवढंच म्हणता आणि बसवलेली फरशी उचकटायला लागता. आई दारातून म्हणते, “लई शाने मिस्त्री! लोकाचं बांधत्यात, घरचं फोडत्यात.” तुम्ही वर न बघता म्हणता, “मला काय बोलती, त्या लिंबाला बोल.”

चराच्या दिवशी मला साहेबांची घाई होती. ते दुपारी पाहणीला येणार होते. मावशी पलीकडून म्हणाल्या, “ताई, पाणी डुलून राहिलंय अजून.” मी म्हटलं, “चालतंय, ठोका खुंटी.”

फुटलेली जागा नंतर दगडमातीनं बुजवली, पण चर त्याच रेषेत राहिला. दोष पावसाचा असेल, तर रेषा कोण बदलणार? आता मिरग तोंडावर आला आहे. मावशींनी अर्ध्या शेतातला मुरूम पाटीपाटीनं उचलून बांधावर टाकला आहे आणि तिथं पुन्हा तूर पेरायचं म्हणतात. हा चर पुन्हा फुटला तर ती तूरही जाईल.

परवा आम्ही दोघींनी पुन्हा नळी धरली. या वेळी पाणी पूर्ण थांबेपर्यंत थांबलो. खालचं टोक वीतभर खोल निघालं.

“तुम्हाला माहीत होतं,” मी म्हणाले. “मग कुणाला बोलला का नाहीत?”

“तुमीच लिवलं की पाऊस लई झाला म्हणून. कागदावरचं आमी कशाला खोडावं?” मग माझ्याकडं बघून हसल्या. “आता रडू नका, नळीत पडंल. आधीच पाण्याचा भरवसा न्हाई.”

मलाही हसू आलं. वरच्या दोन चरांच्या काठावर माती धरून ठेवायला आम्ही लावलेला वाळा गुडघ्यापर्यंत आला आहे. उपटून बघितला, तर हातात फक्त पाती आली, मूळ हललं नाही. तिसऱ्या चरावरही असाच धरेल. चर नव्या रेषेत घेणं चार दिवसांचं काम आहे, मावशींनी मोजून सांगितलं. फक्त आधी मला अहवाल दुरुस्त करून द्यावा लागेल, तेव्हाच परवानगी मिळेल. माझी नेमणूक एकेक वर्षाची आहे. ती पुढं चालू राहील की नाही, माहीत नाही. साहेबांसमोर म्हणायचं वाक्य मी तीनदा लिहून काढलं आहे आणि तीनही वेळा त्यात ‘कदाचित’ आलं आहे. ते काढलं.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, हे मला कळतं. तरी खोटं राहायला नको, म्हणून एक सांगते. वर कुठंतरी ‘मंगळवारी जाईन’ असं लिहून मी खोडलं आहे. सोमवारी साहेब नसतात, अशी मी स्वतःची समजूत करून घेतली होती. ते असतात. येत्या सोमवारी, कार्यालय उघडल्या उघडल्या, मी जाणार आहे.