प्रवाळ आणि चिंचेचं पाणी

लोणावळा, श्रावण, १९७४

तपासणीसाठी आणलेला प्रवाळ मी मूर्खासारखा घासायच्या पितळी भांड्यांत विसरलो. संध्याकाळी पाहतो तर भांडी चिंचेने लखलखताहेत आणि प्रवाळ गायब! चिंचेच्या आंबटात तो विरघळतो. त्याच्या एकेका थरावरून त्या त्या वर्षीचा समुद्र किती उबदार होता ते कळतं, सगळं गेलं असतं. भांडी घासणाऱ्या मावशींवर ओरडलोच.

“न्हाई धुतला,” त्या म्हणाल्या. “समिंदरातला हाय, तुमीच म्हनलाय न्हवं? उद्या नारळी पुनव, समिंदराचा सन. देवाम्होरं ठिवलाय.”

खरंच, देवापुढे होता. कोरडा, वर कुंकू. हुश्श! पण चिंच लागली असती तर?

कुंकू लागलेला थर तासावा लागेल. परवा तासीन. उद्या त्याचा सण आहे.