सेनदांचं बटण

कलकत्ता, १९७८. मंगळवार, संध्याकाळ.

आज एक कोडं पडलं होतं. हल्ली प्रयोगशाळेत मी कॉम्प्युटरवर हुकूम टाइप करते, पल्सची, म्हणजे विजेच्या ठोक्याची, रुंदी एवढी, आणि ते ठोके सोडणारा पल्स जनरेटर तो मुकाट्यानं ऐकतो. पडद्यावरची पल्स बदलते, जनरेटरवरचं बटण मात्र जागचं हलत नाही. मजाच वाटते! पण माझे सहकारी सेनदा प्रत्येक हुकमानंतर उठून ते बटणही त्याच आकड्यावर नेतात. सकाळी मी हसले, "सेनदा, मशीन तुमच्या बटणाकडे बघतसुद्धा नाही!"

दुपारी लोडशेडिंग. वीज परतली, जनरेटर आपोआप सुरू झाला आणि मी पडद्याकडे धावले. हुकूम तर विजेबरोबर गेले असणार, आणि परदेशातून आणलेला एकुलता एक नाजूक डिटेक्टर त्याला जोडलेलाच. पल्स रुंद आली तर जळणार! पण पल्स बरोब्बर तेवढीच. कुणी सांगितलं तिला? चहा पिताना उमगलं: हुकूम नसला की जनरेटर बटणाचं ऐकतो.

सेनदांना विचारलं, हे ठाऊक होतं?

"छे! बटण एक सांगतं आणि पल्स दुसरंच, ते मला बघवत नाही."

उद्यापासून हुकूम टाइप केला की बटण मीच फिरवणार. मशीन बघत नसलं तरी.