चमचा आणि काऊचा घास

ती. वहिनींना नमस्कार.

चमचा दिसला की आई तोंड मिटते, असं काल फोनवर म्हणालात, म्हणून लिहावं लागलं.

माझी काळजी नको. इथलं परदेशातलं जेवण अळणी, पण पचतं. चमच्याने पोट भरतं, जेवल्यासारखं मात्र वाटत नाही.

मी सेवेला जाते त्या वृद्धाश्रमात माझ्याकडे असलेल्या आजीबाईही जेवेनात. का, म्हणून चमचा मीच ओठांना लावून पाहिला. थंडगार! मग हात धुतले, बटाटा कुस्करला, "हा घास काऊचा" म्हटलं. त्यांना भाषा कळली नाही, पण ताट रिकामं झालं.

परिचारिका कडाडली, "स्वयंसेविकांनी चमचाच वापरायचा!"

"मग आजींना तुम्ही जेववा," मी म्हटलं.

आईलाही हातानेच भरवा. माझं नाव काढते का हो ती?

तुमची नणंद

ता. क. आज परिचारिकेने हातमोजे दिले. मी चमचा परत केला.