गुडघ्याची पूड आणि पुण्याची सुई

३ जून
कंपालाहून पद्माचा फोन. "नाना, आईला लवकर आणा." पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिला विमानात बसायला मनाई. मग माहेरच तिकडे न्यायचं. पीतज्वराची लस टोचल्याशिवाय तिकडे घेत नाहीत. ती पुण्याला मिळते. दोघांची १९ तारीख.

७ जून
टॉवेलच्या कारखान्यातून जेवायला आलो. पद्माची आई, लक्ष्मी, जिना उतरत होती. न बघता कळलं, काहीतरी वेगळं. एरवी गुडघ्यांमुळे एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवते. आज सरळ ठकठक. विचारलं, तर म्हणे, "नजर लावू नका की."

८ जून
चहाच्या डब्यामागे पुड्या. कुंभारीच्या वैदूच्या. शेजारची सुशीला आणून देते. लक्ष्मी म्हणे, "औषध न्हाई ओ ते, झाडपाला हाय." इतक्या लवकर गुडघे पळवणारा झाडपाला? सुतावर रंग असा झटकन चढला तर मी आधी धुऊन बघतो.

१० जून
आमच्या डॉक्टरांना पुडी दाखवली. यात स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं म्हणाले. तसं असेल तर अंगाची प्रतिकारशक्ती कमी झालेली, आणि ही लस जिवंत विषाणूंची, जिवावर बेतेल. शिवाय पुड्या एकदम बंदही करायच्या नाहीत, हळूहळू. पुण्यात सांगाच म्हणाले.
हिला सांगितलं. भडकली. "नातवंडाला पायावर घेऊन न्हाऊ घालायचं तर खाली बसाय नको? खुर्चीत बसून घालू?"
तेवढ्यासाठी खात होती. एक पुडी माझ्या खिशात ठेवली.

१९ जून, पुणे
टेबलामागच्या बाईंनी विचारलं, "काही औषधं चालू?"
"काय न्हाई," लक्ष्मी. खोटं बोलताना हिचा आवाज बारीक होतो.
खिशातली पुडी काढून टेबलावर ठेवली. बाई आत घेऊन गेल्या. परत आल्या. "पुडी तपासायला पाठवतो. रिपोर्ट येईपर्यंत यांना नाही टोचणार."
मला टोचली. परतीच्या वाटेवर ही खिडकीबाहेर बघत. इंदापूरला चहा नको म्हणाली. हातगाडीवरचे पेरू दिसले तरी थांबवलं नाही.

२४ जून
पुड्या कमी केल्यात. सकाळी जिन्यावर परत एकेका पायरीला दोन्ही पाय. मी खालीच उभा.
शेवटच्या पायरीवर थांबली. "पद्माला सांगितलं?"
"रिपोर्ट येऊ दे."
"तुमी एकटे जाऊन काय करणार तितं? टॉवेल विकणार?"
हसलो. ती नाही हसली. देवघरापुढच्या पाटावर बसली, पाय लांब केले, रिकाम्या नडग्यांवरून हात फिरवत राहिली.
फोन वाजतोय. कंपालाचा आहे. दोघांपैकी कुणीच उचलत नाही.